वाळवंटातल्या विमानांचे अवशेष: शोध आणि जतन प्रकल्पाच्या नोंदी

कामाचा आवाका: दुसऱ्या महायुद्धात सहारात उतरलेल्या किंवा पडलेल्या विमानांसाठी शोध, नोंदणी, सुटं करणं, वाहतूक आणि साठवण यांचे कार्यपद्धतीचे कागद तयार करणं. आधाराला इजिप्त आणि लिबियातली दोन प्रकरणं. चाचण्या पुण्यातल्या कार्यशाळेत, भंगारातून घेतलेल्या विमानाच्या पत्र्यांवर.

८ जानेवारी २०२४

पहिली फाइल किटीहॉक ईटी ५७४ची. कर्टिस पी-४० ई जातीचं लढाऊ विमान, ब्रिटिश हवाई दलाच्या २६० स्क्वाड्रनचं. २८ जून १९४२ रोजी फ्लाइट सार्जंट डेनिस कॉपिंग हे नादुरुस्त विमान एका धावपट्टीवरून दुसरीकडे दुरुस्तीला नेत होते. वाट चुकली, विमान इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात आत गेलं आणि खडकाळ सपाटीवर पोटावर उतरलं. २०१२ मध्ये तेलकंपनीच्या कामावरच्या माणसांना ते दिसलं. प्रोपेलर तुटून बाजूला, पॅराशूट उघडून सावलीसाठी वापरल्याच्या खुणा, रेडिओ आणि बॅटरी बाहेर काढलेल्या. म्हणजे वैमानिक उतरल्यावर जिवंत होता आणि संदेश पाठवायची खटपट करत होता.

जतनाच्या दृष्टीने फाइलचा महत्त्वाचा भाग २०१२च्या पुढचा आहे. छायाचित्रं जगभर फिरली आणि काही आठवड्यांत सुटे भाग गायब व्हायला लागले. इजिप्तच्या लष्कराने बंदुका आणि गोळ्या काढून नेल्या, ते योग्यच होतं. मग विमान किनाऱ्यावरच्या अल अलामीनच्या युद्धसंग्रहालयात नेलं गेलं. तिथे काही वर्षांनी त्याला नवा रंग फासला. सत्तर वर्षं वाऱ्याने घासलेला मूळ रंग, खुणांचे उरलेले कडे, गोळ्यांची भोकं, सगळं त्याखाली गेलं. वाळवंटात सत्तर वर्षांत झालं नाही तेवढं नुकसान सापडल्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत झालं. आपले कागद या पाच-सहा वर्षांसाठी आहेत.

१५ जानेवारी

दुसरी फाइल: अमेरिकी बी-२४ डी, ‘लेडी बी गुड’, क्रमांक ४१-२४३०१. ४ एप्रिल १९४३ रोजी बेनगाझीजवळच्या सुलूकहून नेपल्सवर बॉम्बफेकीला गेलं, परतताना रात्री तळावरून पुढे निघून गेलं. इंधन संपत आल्यावर नऊही जणांनी उड्या मारल्या. विमान आपोआप तरंगत जाऊन कालान्शियोच्या वाळूसमुद्रात, तळापासून सुमारे ७०० किमी आत उतरलं. १९५८ मध्ये तेलशोधकांना हवेतून दिसलं, १९५९ मध्ये माणसं तिथे पोहोचली. रेडिओ चालत होता, मशीनगन चालत होत्या, थर्मासमधलं पेय पिण्याजोगं होतं. आठ जणांचे अवशेष १९६० मध्ये मिळाले, एकाचे कधीच नाहीत.

शोधाच्या कागदासाठी यातला धडा दिशाशोधकाचा, म्हणजे रेडिओचा सिग्नल कुठून येतो ते सांगणाऱ्या यंत्राचा. लूप अँटेना गोल फिरवून सिग्नल सर्वांत क्षीण होतो ती रेघ पकडतात. पण ती रेघ समोरची की पाठीमागची, हे एकट्या लूपला कळत नाही. १८० अंशांचा घोटाळा कायम असतो. जमिनीवरून दिलेला कोन बरोबर असूनही विमान तळाच्या पलीकडे गेलेलं असू शकतं. म्हणून हरवलेल्या विमानाचा शेवटचा कोन मिळाला की नकाशावर रेघ दोन्ही बाजूंना ओढायची. एका बाजूला समुद्र आहे म्हणून शोध तिकडेच न्यायचा नाही.

दुसरी बाब वाऱ्याची. ताशी ३० किमीचा आडवा वारा दोन तासांत विमान ६० किमी बाजूला नेतो. त्या काळचा हवामानाचा अंदाज रात्रीच्या वाऱ्यासाठी फारसा भरवशाचा नसे. त्यामुळे शोधक्षेत्र आखताना वर्तुळ नको. उड्डाणाच्या रेषेभोवती पुढे रुंद होत जाणारी पट्टी काढायची.

२ फेब्रुवारी

उपग्रह चित्रांचा हिशेब केला. पी-४० च्या पंखांचा पसारा ११.३८ मीटर. फुकट मिळणाऱ्या सेंटिनेल-२ च्या चित्रात एक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे अख्खं विमान एका ठिपक्यात. बी-२४ (पसारा ३३.५ मीटर) तीन ठिपक्यांत. ३० सेंमीच्या विकत घेतलेल्या चित्रात पी-४० आडवं ३८ पिक्सेल भरतं, तेवढ्यात पंख आणि धड वेगळं ओळखू येतं.

पण १० किमी × १० किमीचा चौकोन ३० सेंमीला म्हणजे १११ कोटी पिक्सेल. १९२० × १०८० च्या पडद्यावर पूर्ण बारकाईने बघायचं तर ५३५ हून जास्त पडदे, आणि कडा एकमेकांवर घ्यायच्या तर आणखी. डोळे थकतात, वीस मिनिटांनंतर दिसलेलं लक्षात राहत नाही. ठरवलं: एका बसणीला ठरावीक चौकोन, प्रत्येक चौकोन दोघांनी स्वतंत्र बघायचा, आणि मधे ज्ञात अवशेषाची चित्रं लपवून ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याची नजर किती पकडते ते कळतं.

फसवणाऱ्या गोष्टी अनेक: तेलाची पिंपं, तेल शोधण्यासाठी जमिनीत कंप सोडून केलेल्या (सिस्मिक) सर्वेक्षणाच्या सरळ रेघा, काळे खडक, मोडके ट्रक. विमानाची खूण म्हणजे काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा आणि एक बाजू दुसरीचं प्रतिबिंब. सकाळी उशिरा घेतलेल्या चित्रात पत्रा चमकून आकार धुवून निघतो. सूर्य खाली असताना सावली आकार सांगते. संशयित जागा तीन वेगळ्या वर्षांच्या चित्रांत पाहिल्याशिवाय यादीत घ्यायची नाही. चंद्रकोरी टेकाडं वर्षाला काही मीटरपासून काही दहा मीटर सरकतात, त्यामुळे एखाद्या वर्षी उघडं पडलेलं विमान पुढच्या वर्षी झाकलेलं असू शकतं.

१९ फेब्रुवारी

वाळूखालचं. १९८१ मध्ये कोलंबिया यानावरच्या एसआयआर-ए रडारने इजिप्त-सुदान सीमेवरच्या सलीमा वाळूपटाखालचे जुने नदीपात्र दाखवले. अगदी कोरड्या वाळूत लांब लहरीचं (एल-बँड) रडार एक-दोन मीटर आत जातं. सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार त्याहून आखूड लहरीचं (सी-बँड), पिक्सेल साधारण ५ × २० मीटर, त्यामुळे लढाऊ विमानाला निरुपयोगी. एल-बँडचं तीन मीटरचं चित्र मोठ्या बॉम्बरसाठी वापरून बघण्यासारखं आहे. वाळूत ओल किंवा मीठ असेल तर रडारचा फायदा संपला.

मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातला फरक मोजणारं यंत्र, याबाबत नेहमीचा गैरसमज: ॲल्युमिनियम त्याला दिसत नाही. दिसतात ती पोलादाची अंगं: क्रँकशाफ्ट, सिलिंडरचे लायनर, मशीनगन, चिलखती पत्रा. अंतर दुप्पट झालं की खूण आठव्या भागावर येते, म्हणून ओळी पाच मीटरवर आणि संवेदक जमिनीपासून एकसारख्या उंचीवर. बरोबर विद्युतचुंबकीय धातुशोधक घ्यायचा, तो ॲल्युमिनियमही पकडतो. दोन्हीचा नकाशा एकमेकांवर ठेवला की इंजिन कुठे आणि पंख कुठे हे खणायच्या आधी कळतं.

११ मार्च

धोक्यांचा कागद. हा सर्वांत आधी वाचायचा आणि जागेवर प्रत्येकाच्या हातात असायचा.

जमीन: अल अलामीनच्या आसपास जर्मन-इटालियन सैन्याने १९४२ मध्ये चार लाखांहून जास्त सुरुंग पेरले होते. अवशेषांपर्यंत जाणारी वाट एकच, सैन्याने तपासलेली, चाकांच्या खुणांवरूनच जायचं. वाळू वाहून गेलेल्या ठिकाणी सुरुंगही वाहून गेलेले असतात, जुन्या नकाशावर विसंबू नये.

गोळ्या: पी-४० ई च्या पंखांत १२.७ मिमीच्या सहा मशीनगन. पट्ट्यात आग लावणाऱ्या आणि माग दाखवणाऱ्या गोळ्या असतात, उन्हात तापून त्यांचा मसाला अस्थिर होतो. पंखाला हात लावायच्या आधी दारूगोळा पथक. नळीत गोळी अडकलेली आहे असंच धरून चालायचं.

आयएफएफ पेटी: मित्र-शत्रू ओळखणारं हे यंत्र शत्रूच्या हाती लागू नये म्हणून आत स्फोटक असे. धडाच्या मागच्या भागातली अनोळखी पेटी, जाड वायर, लाल बटण दिसलं, तर ते सुटं करायचं नाही.

दाबाचे भाग: ऑक्सिजनच्या बाटल्या, हायड्रॉलिकचे संचयक, चाकाचे तेल-हवेचे खांब. ऐंशी वर्षांनीही दाब शिल्लक असतो. खांबाचं झाकण उघडलं तर पिस्टन सुटून येतो. झाकण न उघडता, खांब पट्ट्याने बांधून उचलायचा.

रेडियम: कॉकपिटमधल्या यंत्रांच्या चकत्यांवर अंधारात चमकणारा रंग. आता चमकत नाही, कारण त्यातली झिंक सल्फाइड जळून गेली. रेडियम तिथेच आहे. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १६०० वर्षं, म्हणजे ऐंशी वर्षांत जेमतेम साडेतीन टक्के कमी झालं. काच फुटलेली चकती सर्वांत वाईट: रंग पिठासारखा सुटतो आणि श्वासातून जातो. वरच्या दर्जाचा धूळमुखवटा, नायट्रिल हातमोजे, यंत्र प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत, वर मीटरचा आकडा आणि तारीख. यंत्र कधीही कापडाने पुसायचं नाही.

उरलेलं थोडक्यात: फायरवॉलजवळ (इंजिनमागच्या आगरोधक भिंतीजवळ) ॲस्बेस्टॉस, इंजिनच्या पाण्यात विषारी ग्लायकॉल, टाकीत शिसं मिसळलेल्या पेट्रोलचा राळ. म्हणून ग्राइंडर बंद.

आणि माणसाचे अवशेष दिसले तर काम तिथल्या तिथे थांबवायचं. हाडं, गणवेशाचं बटण, ओळखपट्टी काही उचलायचं नाही. स्थानिक अधिकारी, आणि राष्ट्रकुलातल्या सैनिकासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. अलामीनच्या स्मारकावर कबर नसलेल्या सैनिकांची नावं आहेत, त्यांत भारतीय सैन्यातलीही. कोणाचा शेवट कुठे झाला हे ठरवायला त्या बटणाची जागा हाच पुरावा असू शकतो.

२५ मार्च

मालकी. ब्रिटिश हवाई दलाचं विमान अजूनही ब्रिटिश सरकारचं धरलं जातं. अमेरिकी हवाई दल १९ नोव्हेंबर १९६१ पूर्वी पडलेली विमानं सोडून दिलेली मानतं. अमेरिकी नौदल मात्र कधीच सोडत नाही. त्यावर ज्या देशाच्या जमिनीवर विमान आहे त्याचे कायदे, आणि सीमावर्ती वाळवंटासाठी लष्कराची परवानगी वेगळी. इजिप्तमध्ये ड्रोनला २०१७ पासून परवानगीशिवाय बंदी आहे. परवानगी मिळेलच असं धरून आखणी केली की सगळी फसते, म्हणून ड्रोनशिवायचा आराखडा पहिला लिहायचा.

८ एप्रिल

ड्रोनशिवायची नोंदणी भंगारातल्या एका पंखावर करून बघितली. पाच मीटरचा दांडा, वर कॅमेरा, फोनवरून शटर. चित्रं ७५ ते ८० टक्के एकमेकांवर. एक फेरी छातीच्या उंचीवर, एक दांड्यावरून, एक गुडघ्याच्या उंचीवर पोटाखाली बघत. मोजमापासाठी एक मीटरच्या चार पट्ट्या, चारी बाजूंना, वेगवेगळ्या उंचीवर. सगळ्या जमिनीवर ठेवल्या तर उभ्या दिशेचं माप ढिलं राहतं.

काय बिघडतं: चमकणारा पत्रा. दुपारी घेतलेल्या चित्रांत वाऱ्याने घासलेल्या भागावर सूर्याचा डाग कॅमेऱ्याबरोबर सरकतो आणि सॉफ्टवेअर त्याला पृष्ठभागाचा खड्डा समजतं. संध्याकाळी सूर्य मावळल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत, ध्रुवीकरणाचा फिल्टर लावून घेतलेली चित्रं चांगली जुळली. काही जण चमक मारायला खडूची भुकटी फवारतात. मूळ रंग असलेल्या पत्र्यावर ते अजिबात नको, रंगाच्या भेगांतून ती निघत नाही.

ड्रोनची परवानगी मिळालीच तर: १३.२ मिमी रुंद संवेदक, ८.८ मिमी भिंग, ५४७२ पिक्सेल. ३० मीटरवरून एक पिक्सेल ८.२ मिमी, १० मीटरवरून २.७ मिमी. रिव्हेट मोजायचे तर १० मीटरच, आणि ड्रोनच्या वाऱ्याने वाळू उडते म्हणून त्याहून खाली नाही.

चित्रांतली जीपीएस माहिती कार्यशाळेत परतल्यावर पुसून चालणार नाही, कॅमेऱ्यातच बंद ठेवायची. ठिकाणाचे आकडे फक्त कागदी वहीत. क्षितिजावरची ओळखू येणारी टेकडी प्रसिद्धीच्या चित्रात नको.

२९ एप्रिल

ओळख पटवणं. शेपटीच्या बाजूचा क्रमांक हा पहिला धागा, पण वाऱ्याच्या बाजूचा रंग उडालेला असतो. रंग गेला तरी त्याखालच्या पत्र्यावर अक्षराची सावली राहते, कारण अक्षराखालचा पत्रा काही वर्षं उशिरा उघडा पडला. तिरका दिवा लावून किंवा अतिनील प्रकाशात ती दिसते. कॉकपिटमधली कारखान्याची पाटी बहुतेकदा आधीच चोरीला गेलेली असते. इंजिनची पाटी आणि बंदुकांचे क्रमांक बहुधा शिल्लक असतात. स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदी लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एआयआर २७’ मालिकेत आहेत. त्यातला फॉर्म ५४० म्हणजे घटनांचा गोषवारा, ५४१ म्हणजे प्रत्येक उड्डाणाचा तपशील. ५४१ मध्ये विमानाचा क्रमांक आणि वैमानिक एका ओळीत मिळतात. घाईच्या माघारीच्या दिवसांत, जून १९४२ सारख्या, नोंदी तुटक असतात हे गृहीत धरावं.

१३ मे

पत्र्यांची तपासणी. अमेरिकी विमानांचा पत्रा म्हणजे २४एसटी, आजच्या भाषेत २०२४-टी३: तांबं मिसळलेलं, बळकट, पण गंजाला कच्चं मिश्रण. त्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्याला अल्क्लॅड म्हणतात. पातळ पत्र्यात प्रत्येक बाजूला जाडीच्या ५ टक्के. ०.८ मिमी पत्रा धरला तर थर ४० मायक्रॉनचा. हा थर स्वतः गंजून आतल्या मिश्रणाला वाचवतो, ओरखडा पडला तरी वाचवतो.

म्हणजे विमान आरशासारखं घासणारे नेमका तोच थर काढून टाकतात. वाळवंटात वाऱ्याच्या बाजूला तो आधीच पातळ झालेला असतो, वर पॉलिशचं यंत्र फिरवलं की उरलेलाही गेला. थर आहे की नाही हे भंगाराच्या तुकड्यावर कास्टिक सोड्याच्या १० टक्के द्रावणाच्या थेंबाने कळतं: तांब्याचं मिश्रण उघडं असेल तर डाग काळा, शुद्ध थर असेल तर पांढुरका. मूळ वस्तूवर हा थेंब टाकायचा नाही, कास्टिक ॲल्युमिनियम खातो. तिथे वाहकता मोजणारं हातातलं यंत्र वापरायचं.

एक पत्रा भिंगाखाली: रिव्हेटच्या डोक्याभोवती काळपट कडं, त्याच्या बाहेर पांढरी भुकटी, आणि दोन पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथे वरचा पत्रा किंचित फुगलेला. फुगवटा म्हणजे सांध्यात गंज साचून पत्रा उचलतोय. तो ठोकून बसवला तर रिव्हेट तुटतात. आधी सांध्यातली माती काढायची, मग ठरवायचं.

थर नसलेले भाग जास्त धोक्यात: दाबून काढलेल्या पट्ट्या, घडीव जोड. त्यांना पापुद्रे सुटणारा गंज लागतो, पत्र्याची पानं वहीसारखी उलगडतात. पंखाच्या आतल्या कडा नखाने दाबून बघाव्यात. मॅग्नेशियमचे ओतीव भाग वेगळे काढावेत, ओल लागली की ते सर्वांत आधी जातात.

२४ मे

लेपाची चाचणी, ऊन जोरात असताना मुद्दाम. सुटणारा रंग धरून ठेवायला संवर्धक सर्रास पॅरालॉइड बी-७२ हे पारदर्शक प्लास्टिकसारखं द्रव्य वापरतात, ॲसिटोनमध्ये ५ टक्के. संग्रहालयाच्या खोलीत ते उत्तम. पण त्याचं मऊ पडायचं तापमान साधारण ४० अंश. गच्चीवर ठेवलेला गडद रंगाचा पत्रा दुपारी ६० च्या वर गेला, लेप चिकट झाला आणि त्यावर धूळ बसली. धुळीसह तो पुन्हा घट्ट झाला की निघणं कठीण. त्याच जातीच्या बी-४४ चं तापमान साधारण ६० अंश, उन्हातल्या धातूसाठी तेही काठावरच.

निष्कर्ष: वाळवंटात उघड्यावर असलेल्या विमानाला लेप लावायचाच नाही. सुटणारा रंग उचलायच्या वेळेपुरता, सायक्लोडोडेकेनने. हा मेणासारखा पदार्थ थंड वेळी लावतात, तो स्वतःहून उडून जातो, उन्हात तर फारच झपाट्याने, म्हणून वर झाकण आणि काम लगेच. झाकलेल्या, थंड जागी पोचल्यावर मग बी-७२ चा विचार. मायक्रोक्रिस्टलाइन मेणही सावलीतच.

१५ जुलै

पावसाळा कामी येतोय. हवेतली आर्द्रता किती झाली की मीठ ओलं होतं, याचे आकडे: साधं मीठ ७५ टक्के, मॅग्नेशियम क्लोराइड ३३, कॅल्शियम क्लोराइड सुमारे ३०. त्यामुळे सगळ्या वाळवंटी अवशेषांना एकच नियम लावता येत नाही. वाळूसमुद्रातल्या विमानावर मीठ जवळजवळ नाही. सब्खा म्हणजे खाऱ्या दलदलीच्या सुकलेल्या पात्रात उतरलेल्या विमानाच्या पोटात मॅग्नेशियमचं मीठ असू शकतं, आणि ते बाकी सगळं कोरडं वाटत असतानाही ओल धरून बसतं.

तपासणी: शुद्ध पाण्याने भिजवलेला कापूस पत्र्यावर एक मिनिट, मग त्या पाण्यात क्लोराइडची पट्टी. पोटाचा भाग, चाकांच्या खोबणी, रेडिएटरचा खळगा आणि रिव्हेटच्या ओळी अशा जागा ठरवून. क्लोराइड निघालं तर शुद्ध पाण्याने हलकं धुणं, निथळणाऱ्या पाण्याची वाहकता मोजत, ती स्थिर होईपर्यंत. नळाचं पाणी नको, त्यातही क्लोराइड असतं. दाबाचा फवारा तर नकोच: पाणी सांध्यांत घुसतं आणि तिथेच राहतं. धुतल्यावर पंख्याच्या हवेत त्याच दिवशी वाळवायचं.

५ ऑगस्ट

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बांधून ठेवलेले भंगार पत्र्यांचे नमुने परत आले. थर असलेल्या पत्र्यावर ओरखड्याचा भाग शाबूत. थर घासून काढलेल्या पत्र्यावर बारीक खड्डे. पोलादाचा स्क्रू घातलेल्या भोकाभोवती दोन्ही नमुन्यांत पांढरी भुकटी, घासलेल्यात जास्त आणि खोल. पुण्यात कोरड्या पेटीत ठेवलेले नमुने जसेच्या तसे.

यात नवल काही नाही. पण समुद्रकाठच्या उघड्या चौथऱ्यावर विमान ठेवायचा बेत मांडणाऱ्यांसमोर हे तीन पत्रे ठेवता येतील. भूमध्य समुद्राचा किनारा काही कोकण नाही, पाऊस फार नाही. पण खारा वारा आणि रात्रीचं दव तिथेही आहेच.

२ सप्टेंबर

सुटं करण्याचा क्रम, पी-४० साठी.

पहिलं काम वाळू. घनमीटरभर कोरडी वाळू म्हणजे सुमारे १.६ टन. धडात अर्धा घनमीटर वाळू असेल तर ८०० किलो जास्तीचा भार, आणि पी-४० ई चं रिकामं वजनच तीन टनांच्या आत. वाळूसकट उचललं की मागचं धड कॉकपिटच्या मागे मोडतं. वाळू कप्प्याकप्प्याने काढायची, प्रत्येक कप्प्याची वेगळी पोती, २ मिमीच्या चाळणीतून. पेन्सिल, नकाशाचा तुकडा, रिकामी काडतुसं चाळणीतच सापडतात. पोत्यावर कप्प्याचा क्रमांक नसेल तर सापडलेल्या वस्तूची किंमत निम्मी होते.

दुसरं: पोटावर उतरलेल्या विमानात नाकाखालचा रेडिएटरचा भाग चेपून वाळूत रुतलेला असतो. आधी त्याच्या भोवती खणायचं, मग इंजिनच्या माउंटला आणि शेपटीच्या जॅक-बिंदूला रुंद पट्टे. लोखंडी साखळी थेट धडाला कधीच नाही. पट्टा आणि पत्रा यांच्यामध्ये पॉलिथिनचा फोम.

तिसरं पंख. पी-४० चे दोन पंख मध्यरेषेवर बोल्टच्या ओळींनी जोडलेले असतात आणि धड त्यावर बसतं. म्हणून आधी धड उचलून पंख बाहेर, मग मध्यरेषा सोडवायची. बोल्ट धरलेले असणारच. ॲसिटोन आणि गिअरचं तेल समप्रमाणात, सिरिंजने थेंब थेंब, भोवती टिपकागदाचा बांध, कारण ॲसिटोन मूळ रंग विरघळवतो. रात्रभर थांबायचं. मग पान्याने आधी घट्ट करायच्या दिशेला किंचित, नंतर उलट. तापवायचं नाही: २०२४ मिश्रण १९० अंशांच्या आसपास गुणधर्म बदलतं आणि टाकीत पेट्रोलचा राळ आहे. नाहीच हलला तर नट फोडणारं हातयंत्र. नट जातो, पंखाचा जोड राहतो. प्रत्येक बोल्ट आपल्या भोकाच्या क्रमांकाच्या पिशवीत.

कापडी भाग, म्हणजे शेपटीचे आणि पंखांचे हलणारे पृष्ठभाग (रडर, एलेव्हेटर आणि एलेरॉन), यांचं कापड गेलेलं असतं. कडांना चिकटलेले धागे मात्र ठेवायचे, रंगाचा सर्वांत विश्वासू नमुना तिथे सावलीत उरतो. पंखांच्या मुळाशी झाकणपट्टीखालीही तसंच.

२३ सप्टेंबर

कंटेनर. विमान कोरड्या वाळवंटातून निघतं आणि कंटेनरमध्ये भिजतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ४० फुटी कंटेनरमध्ये सुमारे ६७ घनमीटर हवा. बंदरावर ३५ अंशांना, ५० टक्के आर्द्रतेत दार बंद केलं तर आत साधारण १.३ किलो पाण्याची वाफ. रात्री पत्रा १५ अंशांवर आला की जवळजवळ अर्धा लिटर पाणी छतावर जमतं आणि खाली ठिबकतं. वर लाकडी पाळण्यातली ओल वेगळी.

उपाय: दार वाळवंटातच, कोरड्या हवेत बंद करायचं, बंदरावर उघडायचं नाही. लाकूड भट्टीत वाळवलेलं. ओक नको, त्यातून निघणारी ॲसिटिक वाफ शिशाचे आणि मॅग्नेशियमचे भाग खाते. सिलिका जेल हिशेबापेक्षा कितीतरी जास्त, आत आर्द्रता नोंदवणारी दोन यंत्रं, एक छताजवळ आणि एक तळाशी. छताखाली ठिबक धरणारं कापड.

जागेचं माप: कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर. पंखाची सरासरी रुंदी १.९ मीटर, पण मुळाशी जास्त. पाळणा बनवायच्या आधी मुळाचं माप प्रत्यक्ष घ्यायचं. बहुधा पंख पुढच्या कडेवर उभा न्यावा लागेल, आणि तेव्हा उंच कंटेनर लागेल.

१४ ऑक्टोबर

कार्यपद्धतीचं पहिलं पान सर्वांत शेवटी लिहिलं. त्यावर एकच तक्ता: विमान कायमचं कुठे राहणार, तिथली वर्षभराची आर्द्रता किती, छप्पर आणि बंद भिंती आहेत का, दहा वर्षांचा देखभालीचा खर्च कोण देणार, रंगाबाबत लेखी निर्णय कोणाचा. एकही रकाना रिकामा असेल तर दुसरं पान उघडायचं नाही, म्हणजे बोल्टला हात लावायचा नाही.

रंगाबाबत मतभेद झाला. एक बाजू म्हणाली, प्रेक्षकाला उजळ रंगाचं विमान समजतं. मान्य. मग त्यासाठी पूर्ण आकाराचं नवं पंखाचं टोक रंगवून शेजारी ठेवावं, मूळ पत्रा तसाच. असं लिहून घेतलं.

रकाना रिकामा राहिला तर जागच्या जागी सांभाळायची पद्धत लागेल, तिचा मसुदा सुरू. वर्षातून एकदा, ठरलेल्या बारा बिंदूंवरून, त्याच भिंगाने छायाचित्रं. बिंदूंवर खुंट्या नाहीत, त्या दुरून दिसतात. जीपीएसचे आकडे वहीत आणि जमिनीशी सपाट एक ॲल्युमिनियमची चकती. कॉकपिटमधली यंत्रं आणि बंदुका लष्कराकडे आधीच गेलेल्या असाव्यात, चोर त्यांसाठीच येतो. कॉकपिटवर वाळूची पोती रचून झाकायचं का, हे ठरायचंय: सावली मिळते आणि पर्स्पेक्स (खिडक्यांचं पारदर्शक प्लास्टिक) वाचतं, पण पोत्यांखाली दव साठतं. पुढच्या पावसाळ्यात एका भंगार कॅनोपीवर (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर) अर्धा भाग झाकून, अर्धा उघडा ठेवून, आत आर्द्रतामापक लावून बघायचं. कॅनोपी आणि दोन मापक यांची मागणी आज नोंदवली.